अल्बिनो बॉल पायथन: दोन विक्रेते, एक लॅब आणि सहा तपकिरी पिल्लं

आधीच सांगतो, मी शिकागोच्या पश्चिमेला राहतो, इथे बॉल पायथन (छोट्या जातीचा बाहेरचा अजगर) पाळायला कायद्याची अडचण नाही, त्यामुळे सांगली-पुण्याच्या मित्रांनी प्लीज "येताना बॅगेतून एक आण ना" असे मेसेज टाकू नयेत. आपला तिकडचा अजगर वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल १ मध्ये आहे, त्याला पाळायचा विषयच नाही, आणि हा बाहेरचा बॉल पायथन साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत येतो म्हणून आता त्याची पण सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबईत बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाकडे बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत नऊ बॉल पायथन आणि दोन कॉर्न स्नेक सापडले होते, ती बातमी आईने मला तीन वेळा फॉरवर्ड केली. तर ते जाऊ दे.

हा रिव्ह्यू तीन गोष्टींचा आहे. शिकागोजवळच्या टिनली पार्कच्या एक्स्पोत (सापांच्या विक्रीचं प्रदर्शन) ज्याच्याकडून मी अल्बिनो, म्हणजे पांढरा-पिवळा, नर घेतला तो ब्रीडर, म्हणजे सापांची पैदास करणारा, ज्याच्याकडून ऑनलाइन "१००% हेट" (म्हणजे काय ते पुढे सांगतो) मादी घेतली तो दुसरा विक्रेता, आणि शेवटी ज्या लॅबने सापांची कात तपासून दिली ती लॅब. नावं कोणाचीच देत नाही, दुसऱ्याचं तर मुद्दाम देत नाही कारण मला वकिलाशी बोलायची हौस नाही.

पहिल्यांदा किंमतीचं सांगतो कारण सगळे तेच विचारतात. "पांढरा अजगर? लाखात असेल ना?" नाही हो. होता कधीकाळी. टीव्हीवर लोकांच्या गळ्यात घातलेला तो पिवळाधमक अवाढव्य साप बघितला असेल ना, तो अल्बिनो बर्मीज पायथन, तो ओक्लाहोमाच्या बॉब क्लार्क यांनी १९८६ मध्ये पहिल्यांदा बंदिस्त जागेत पैदास करून काढला. मग १९९२ मध्ये त्यांनीच अल्बिनो बॉल पायथन काढला, आणि ती पहिली पिल्लं साडेसात हजार डॉलरला एक अशी गेली असं या धंद्यातले जुने लोक सांगतात. साडेसात हजार! त्या वेळच्या अमेरिकेत त्यात बरी सेकंडहँड गाडी आली असती. मी २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये जो घेतला त्याच्या डब्यावर १७५ चं स्टिकर होतं आणि रविवारी दुपारी, लोक टेबलं आवरायच्या बेतात असताना, तो १५० ला मिळाला. म्हणजे तेव्हाचे बारा हजार रुपये आणि वर थोडे.

किंमत का पडली हे त्या ब्रीडरनेच मला टेबलाशी उभं राहून सांगितलं आणि तेवढ्यासाठी त्याला एक स्टार जास्त. अल्बिनोचा जीन रिसेसिव्ह आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लू पांढरं-पिवळं दिसतं, एकाकडूनच आला तर पिल्लू दिसायला साधं तपकिरी पण पोटात जीन घेऊन फिरतं, त्यालाच हे लोक हेट म्हणतात. मादी अंड्यावर यायला तीनेक वर्षं आणि साधारण दीड किलो वजन लागतं, आणि एका वेळी अंडी देते पाच-सहा. म्हणजे पी हळद अन् हो गोरी असं इथे होत नाही, सुरवातीला दर वर्षी जगात मोजकीच अल्बिनो पिल्लं निघायची आणि घ्यायला लोक रांगेत. पण प्रत्येक विकलेलं पिल्लू तीन वर्षांनी आई किंवा बाप झालं, त्यांची पिल्लं परत विकली गेली, आणि तीस वर्षांत बेसमेंटमध्ये रॅक लावून बसलेला प्रत्येक माणूस अल्बिनो काढायला लागला. बर्मीजचं तर अजून लवकर झालं, तिथे मादी एका वेळी तीस-चाळीस अंडी सहज देते, आणि साप होतो बारा-पंधरा फुटी, घेणारे किती असणार? त्यात फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स दलदलीत बर्मीज मोकाट सुटून बसलेत, २०१२ मध्ये इथल्या केंद्र सरकारने त्यांना लेसी कायद्याखाली (वन्यजीवांच्या व्यापाराचा कायदा) उपद्रवी यादीत टाकलं, त्यानंतर मोठ्या सापाच्या नादी लागणारे अजून कमी झाले. बॉल पायथन चार-पाच फुटांत थांबतो, स्वभावाने भित्रा, घाबरला की डोकं मध्ये घेऊन चेंडू होतो, म्हणून तर नाव बॉल.

आता तो पहिला ब्रीडर. एक्स्पो म्हणजे एनएआरबीसी या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या ब्रीडरांच्या मेळाव्याचा, टिनली पार्क कन्व्हेन्शन सेंटरला वर्षातून दोनदा भरतो, मार्च आणि ऑक्टोबर. मोठ्ठा हॉल, टेबलांच्या रांगा, प्रत्येक टेबलावर श्रीखंडाच्या डब्यासारखे झाकणाला भोकं पाडलेले पारदर्शक डबे आणि प्रत्येकात एक वेटोळं. पहिल्यांदा जाणाऱ्याला गरगरायला होतं, मला पण झालं. डब्यांवर १.० आणि ०.१ असं लिहिलेलं असतं, मी आपला व्हर्जन नंबर समजत होतो, ते नर-मादी आहे, पहिला आकडा नर, दुसरा मादी. हॉलमधून सरळ फिरत जा, पहिल्या टेबलावर पाकीट काढू नका, ही माझी एकच सूचना.

मी ज्या टेबलाशी थांबलो तिथे मी एका पिवळ्या सापाकडे बोट दाखवून "अल्बिनो कितीला" विचारलं, तर तो म्हणाला हा अल्बिनो नाही, बनाना आहे. वेगळाच जीन. मोबाइलचा टॉर्च लांबून दाखवून त्याने मला डोळे बघायला लावले, अल्बिनोचा डोळा डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल असतो, बनानाचा काळपटाकडे झुकतो, आणि बनाना मोठा झाला की अंगावर पिकल्या केळीसारखे काळे ठिपके येतात. तो गप्प राहून मला तोच बनाना अल्बिनो म्हणून देऊ शकला असता, मला शष्प कळत नव्हतं. शिवाय हे पण बोलला की आत्ता जो झळझळीत पिवळा-पांढरा फरक दिसतोय तो वयाने थोडा मऊ होत जातो, फोटो काढून ठेव, नंतर मला शिव्या देऊ नको.

त्याने दिलेलं कार्ड माझ्याकडे अजून आहे. हाताने लिहिलेलं, निळ्या पेनने. अंड्यातून बाहेर आल्याची तारीख, आईबापाचा नंबर, पहिली कात कधी, आणि खाण्याच्या सात तारखा, सातव्या पुढे "नाही खाल्लं" असं पण लिहिलंय! मी विचारलं हे कशाला लिहिलंस, गिऱ्हाईक पळेल की. म्हणाला कात टाकायच्या आधी नाही खाल्लं, त्याच्यानंतर खाल्लं, बघ खाली आठवी तारीख आहे. शेजारी एक पोरगा आईला घेऊन आला होता, त्याला एक लहान पिल्लू हवं होतं, ह्याने सरळ नाही म्हणून सांगितलं, त्या पिल्लाने अजून तीन वेळा पण खाल्लेलं नाही, तीन वेळा खाल्ल्याशिवाय मी देत नाही, मार्चमध्ये ये. धंदा करायला बसलेला माणूस हे बोलतो तेव्हा मी पैसे काढतो.

विकल्यानंतरची सर्व्हिस पण सांगतो. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात माझ्या नराने खाणं बंद केलं. एक आठवडा, दोन, पाच. आमच्याकडे बायको शाकाहारी, घरात अंडं शिजत नाही, आणि मी गॅरेजमधल्या छोट्या फ्रीझरमधून गोठवलेला उंदीर काढायचा, पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचा, चिमट्याने सापापुढे नाचवायचा, आणि साप तोंड फिरवणार. तसाच उंदीर परत कचऱ्यात. चतुर्थीला हा उद्योग नको असं मला लेखी कळवण्यात आलं (फ्रिजवर चिठ्ठी). मी त्या ब्रीडरला रात्री मेसेज टाकला, दहा मिनिटांत उत्तर, वजन कर, नर हिवाळ्यात मादीच्या नादात जेवण सोडतात, वजन फार उतरत नसेल तर पाणी दे आणि त्याला त्याच्या डब्यात सोड. मी स्वयंपाकघरातला काटा नाही वापरला, वेगळा आणला, हे बायकोसाठी लिहितोय. मार्चमध्ये एका रात्री गपकन खाल्लं त्याने, जसं काही झालंच नव्हतं. एका वर्षानंतर पण उत्तर देणारा विक्रेता इथे गाडीच्या शोरूमला मिळत नाही.

तर ह्याला पाच पैकी पाच.

आता दुसरा. जानेवारी २०२३ मध्ये मला सुचलं की एक मादी घ्यावी आणि आपण पण एकदा अंडी काढून बघावीत. अल्बिनो मादी मोठी घ्यायची तर महाग, आणि पिल्लू घेऊन तीन वर्षं थांबायची माझी तयारी नव्हती. तेव्हा ऑनलाइन एक जाहिरात दिसली, १२०० ग्रॅमची मादी, दिसायला साधी, "१००% हेट अल्बिनो", २२५ डॉलर, कुरियर वेगळा. इथे थोडं गणित समजून घ्या नाहीतर तुमच्या गळ्यात पण असंच काहीतरी मारतील. १००% हेट म्हणजे आई किंवा बाप यातला एक तरी स्वतः अल्बिनो होता, त्यामुळे जीन आलाच असणार, शंका नाही. ६६% हेट म्हणजे आईबाप दोघं हेट, त्यांची जी साधी दिसणारी पिल्लं निघतात त्यातल्या तीनात दोघांकडे जीन असतो पण कोणते दोन ते दिसत नाही. ५०% हेट म्हणजे आईबापातला एकच हेट, टॉस करा. गंमत अशी की तिन्ही प्रकारचे साप दिसायला अगदी सारखे, साध्या दहा डॉलरवाल्यासारखे. म्हणजे अल्बिनो घेताना तुम्ही साप बघून पैसे देता, हेट घेताना विकणाऱ्याच्या शब्दाला पैसे देता. पूर्ण शब्दाला.

ह्या भाऊंचा शब्द असा होता की बाप अल्बिनो आहे, फोटो आहे. फोटो आला पण. कुठल्यातरी अल्बिनो सापाचा फोटो. मी पण शहाणा, विचारलं नाही की ह्या मादीचं कार्ड कुठे, अंडी कोणत्या तारखेची, बाकीची भावंडं कोणाला दिली. पार्सल मात्र चांगलं आलं, खोटं कशाला बोलू, थर्माकोलच्या खोक्यात, कापडी पिशवी, हीट पॅक, सगळं व्यवस्थित. तिसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यात मोहरीहून बारीक काळे ठिपके तरंगताना दिसले. माइट्स. सापाच्या गोचिडी म्हणा. नशीब मी तिला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं (हे त्या पहिल्यानेच सांगून ठेवलेलं, नवीन साप तीन महिने जुन्या सापापासून लांब). दोन महिने गेले सगळं साफ करण्यात, रोज कागद बदला, डबा उकळत्या पाण्याने धुवा. कळवलं तर म्हणे आमच्याकडे कधीच नसतात, तुमच्याकडेच लागले असतील.

डिसेंबर २०२३ मध्ये मादी सोळाशे ग्रॅमच्या वर गेली तेव्हा नराला तिच्या डब्यात सोडायला सुरवात केली. १८ एप्रिलला सकाळी बघतो तर ती अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली, सात अंडी, त्यातलं एक छोटं पिवळट कडक, ते फुकट गेलेलं, इथे त्याला स्लग म्हणतात. बाकी सहा पांढरीशुभ्र, एकमेकांना चिकटलेली. अंधारात मोबाइलचा टॉर्च मागे धरला की आत लाल शिरांचं जाळं दिसतं, ते बघून मी ऑफिसला उशिरा पोचलो. इनक्युबेटर म्हणजे जुना वाइनचा छोटा फ्रिज, त्यात हीट टेप आणि थर्मोस्टॅट, तापमान साडेएकतीसच्या आसपास. आणि मग बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, मी एक्सेल शीट उघडलं. बाप अल्बिनो, आई १००% हेट, म्हणजे निम्मी पिल्लं अल्बिनो, सहात तीन. तीन गुणिले दीडशे. बायको म्हणाली त्यात उंदरांचा खर्च पण टाक. टाकला. शीट बंद केलं.

१४ जूनला, सत्तावन्नाव्या दिवशी, पहिल्या अंड्याला चीर पडली. पिल्लाच्या नाकाच्या टोकाशी एक बारीक दात असतो तेवढ्यापुरता, त्याने ते आतून कापतं आणि मग तासन् तास नुसतं नाक बाहेर काढून श्वास घेत बसतं. आईला व्हिडिओ कॉल लावला होता. ती शिराळ्याकडची, बत्तीस शिराळ्याच्या नागपंचमीत वाढलेली, तिला सापाचं काही कौतुक नाही, पण पांढरा साप धनाची राखण करतो हे तिच्या आजीचं वाक्य ती मला दर फोनला ऐकवायची. अल्बिनो असेल तर नाक गुलाबीसर पांढरं दिसायला हवं. पहिलं नाक, तपकिरी. ठीक आहे, निम्मी-निम्मी आहेत. दुसरं तपकिरी. तिसरं. रात्री अकरापर्यंत चार. सकाळी उठून बघतो तर सहाच्या सहा तपकिरी, चकचकीत, टवटवीत, एकदम निरोगी, आणि त्यात पांढरं एक नाही. आई म्हणाली, "धन राखणारा म्हणतात, हा तर तुझं धन खाऊन बसला की रे."

सहात एकही नाही असं नशिबाने होऊ शकतं, नाही असं नाही, चौसष्टात एकदा. विक्रेत्याला लिहिलं तर तो पण तेच म्हणाला, बॅड लक ब्रो, पुढच्या वर्षी परत लाव. मग दुसरा मेसेज आला की कदाचित मादीने आधीच्या नराचं वीर्य साठवून ठेवलं असेल, ही पिल्लं तुझ्या नराची नसतीलच. हे ऐकून मी उडालो. साठवतात हे खरं आहे, सेंट लुइसच्या झूमध्ये तर २०२० मध्ये साठी ओलांडलेल्या बॉल पायथनने वर्षानुवर्षं नर जवळ नसताना सात अंडी दिली होती, ती साठवलेल्या वीर्याची की नराशिवायच झालेली हे मात्र तेव्हा झूलाही नक्की माहीत नव्हतं. पण भाऊ, तूच मला विकताना म्हणाला होतास हिला कधी नर लावलेला नाही!

म्हणून लॅब. हा तिसरा रिव्ह्यू आणि हा छोटा आहे कारण चांगल्या सर्व्हिसबद्दल लिहायला काही नसतं. २०२२ मध्ये ईस्टर्न मिशिगन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी ब्रीडरांकडून टाकलेल्या काती गोळा करून अल्बिनो बॉल पायथनमध्ये नेमका कोणता जीन बिघडलाय ते शोधलं, टीवायआर नावाचा, मेलॅनिन (कातडीचं काळं-तपकिरी रंगद्रव्य) बनवायच्या कामातला. लॅव्हेंडर अल्बिनो म्हणून जो जांभळट प्रकार असतो त्याचा जीन वेगळाच निघाला, म्हणूनच अल्बिनो आणि लॅव्हेंडर अल्बिनोची जोडी लावली की पिल्लं साधीच होतात, हे ब्रीडरांना आधीपासून माहीत होतं पण का ते आता कळलं. त्या संशोधनानंतर कातीचा तुकडा पाठवून हेट आहे की नाही ते तपासून मिळायला लागलं. रक्त नको, डॉक्टर नको, सापाला हात पण लावायचा नाही. मला पन्नासेक डॉलर पडले एका सापाचे.

मी मादीची कात पाठवली, आणि त्या साठवलेल्या वीर्याच्या गोष्टीमुळे डोक्यात किडा राहिला होता म्हणून दोन पिल्लांची पहिली कात पण पाठवली, ती दहाव्या दिवशीच टाकतात, सिगारेटच्या कागदासारखी पातळ. पाकिटात घालताना कात कोरडी असायला पाहिजे, ओली पाठवली की बुरशी येते आणि परत पाठवावी लागते, हे त्यांच्या पत्रकात ठळक लिहिलंय तरी मी एक ओलीच पाठवली होती. त्यांनी ईमेल करून परत मागवली, जास्तीचे पैसे घेतले नाहीत. तीन आठवड्यांत रिपोर्ट. मादी: अल्बिनोचा जीन नाही. दोन्ही पिल्लं: हेट. म्हणजे बाप माझाच नर, त्याने आपलं काम चोख केलं, आणि आई म्हणजे २२५ डॉलरची साधी मादी, जी कुठल्याही एक्स्पोत पन्नास-साठला मिळते.

रिपोर्ट विक्रेत्याला पाठवला. पन्नास डॉलरचं क्रेडिट देतो म्हणाला, पुढच्या खरेदीवर. मी म्हटलं पुढची खरेदी कसली, पैसे परत दे. ब्लॉक. तर ह्याला पाच पैकी एक, तो एक पण थर्माकोलच्या खोक्यासाठी. मादीचा राग नाही हां, ती बिचारी मस्त आहे, तिला काय माहीत तिची काय जाहिरात केली होती, आमच्याकडेच राहणार ती.

आणि आता मी स्वतः विक्रेता झालोय ही फजिती बघा. सहाच्या सहा पिल्लं खरीखुरी १००% हेट आहेत कारण बाप डोळ्यांना दिसतो असा अल्बिनो आहे. पण दिसायला? साधी तपकिरी. मी पण तशीच निळ्या पेनने कार्डं केली, तारखा, खाणं, नाही खाल्लं ते पण, सोबत बापाचा फोटो आणि आजच्या तारखेचं वर्तमानपत्र शेजारी ठेवून काढलेला आईचा फोटो. मागच्या महिन्यात एक कॉलेजचा मुलगा आला, नम्र पोरगा, पंधरा मिनिटं बापाच्या डब्यासमोर बसला, कार्ड दोनदा वाचलं आणि मग विचारलं, "रिपोर्ट ह्याचाच आहे की ह्याच्या भावाचा?" मी म्हटलं भावाचा. "मग मला भाऊ द्या." साठ डॉलर देऊन भाऊ घेऊन गेला. रिपोर्टवाली दुसरी मादी होती, ती त्याच्या मैत्रिणीने नेली. बिनरिपोर्टचे दोन मंडळातल्या ओळखीत गेले चाळीस-चाळीसला. एकूण जमाखर्च विचारू नका, ते एक्सेल मी परत उघडलेलं नाही.

दोन राहिलेत, दोन्ही नर, आठवड्याला एक छोटा उंदीर न चुकता खातात, गोठवलेला. कुरियर करणार नाही, आणि पोस्टाने तर अमेरिकेत साप पाठवताच येत नाही, त्यामुळे घरी येऊन न्यावं लागेल. चतुर्थी सोडून कधीही या.